सकाळी नळ पाच मिनिटे वाहू द्यावा

दाजींच्या अंगात आता एकही शिपाई शिल्लक नाही, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं, तेव्हा दाजींनी उशीला टेकून अत्यंत गंभीरपणे विचारलं, "मंग ठाणं कुणाच्या ताब्यात हाय?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी प्रश्न वैद्यकीय समजून उत्तर दिलं. रक्ताचा आजार मारायला जे औषध दिलं त्यात पांढऱ्या पेशीही मेल्या, म्हणाले. त्या परत तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतील. तोवर तुमच्या-आमच्या अंगावरून रोज येतो-जातो असा एखादा किरकोळ जंतू जरी आत शिरला, तरी त्याला अडवणारं कुणी नाही. तेवढे दिवस सांभाळा, पुढचं मी बघतो.

सांभाळायचं काम माझ्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे आक्काकडे, आणि माझ्याकडे आलं. दाजी तिचे यजमान. गाव भोकरदन तालुक्यात. मुलगा पुण्याला, तो येऊन-जाऊन. मी जालन्यातच, बियाण्याच्या कंपनीत फिरतीवर असतो. गावोगाव शेतकऱ्यांच्या बैठका घ्यायच्या आणि उगवणारच अशी हमी तोंडाने द्यायची, हे माझं काम. हंगामाला अजून दीड महिना होता, त्यामुळे दवाखान्यात बसायला मी योग्य माणूस ठरलो. मी नुसतं बोललो तरी आजारी माणसाला बरं वाटतं, असा आमच्या घरात समज आहे. तो मीच पसरवला आहे.

दवाखान्याचं नाव सांगत नाही. वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर, नव्या भागात होता. तो भाग बांधून झाला, मग काही कारणाने बरेच महिने बंद राहिला आणि आम्ही जायच्या आठवडाभर आधी उघडला. भिंती नव्या, फरशी नवी, पडदेसुद्धा घडीचे. जुनं फक्त पाणी होतं. नळाच्या पाईपात ते सगळे महिने मुक्कामाला होतं.

हे आम्हाला सिस्टरांनी सांगितलं. या सिस्टर म्हणजे वॉर्डातल्या सुया टोचणाऱ्या नव्हेत. पूर्ण दवाखान्यात जंतू शोधत फिरायचं, एवढंच यांचं काम. आमच्या मजल्यावर त्या आठवड्यातून दोनदा यायच्या. पन्नाशीच्या, जुन्या जालन्यातल्या, घरी उर्दू बोलणाऱ्या. चष्म्यावरून बघायची सवय. चारही खाटांच्या नातेवाइकांना त्यांनी एका रांगेत उभं केलं, शाळेत करतात तसं.

"देखो, पाणी पाईपात उभं राह्यलं की आतून बुळबुळीत थर धरतो," त्या म्हणाल्या. "त्या थरात जंतू घर करून राहतात. तुम्ही प्याले तर काही होणार न्हाई. यांना होईल. म्हणून रोज सकाळी नळ सोडायचा, बाथरूमचं दार लावून घ्यायचं, पाच मिनिटं पाणी जाऊ द्यायचं. मंग वापरायचं. आणि पेशंटच्या छातीत जी नळी घातलीय, तिच्या पट्टीला पाण्याचा थेंब लागला न्हाई पाहिजे. बराबर?"

आम्ही सगळे बराबर म्हणालो. त्यांनी बाथरूमच्या दारावर पाटी लावली. 'सकाळी नळ पाच मिनिटे वाहू द्यावा.' मग त्यांनी स्वतः नळ पूर्ण सोडला, दार ओढून घेतलं आणि त्या खालच्या मजल्यावर निघून गेल्या.

आता हे कुणाला सांगितलं, ते लक्षात घ्या. आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो, कधी दहा. नळाचा दिवस बघून लोक हळदीचा दिवस ठरवतात. नळ येतो तेव्हा घरातला माणूस पलंगावर मरायला टेकलेला असला तरी त्याला "थोडं थांबा" म्हणून लोक हंडे भरतात. मी स्वतः लहानपणी आंघोळ लोखंडी घमेल्यात बसून केली, म्हणजे अंगावरून उतरलेलं पाणी पुढे कपड्यांना आणि कपड्यांचं पाणी तुळशीला जाई. आमच्या तुळशीला साबणाचा फेस यायचा. अशा माणसांना पाच मिनिटं नळ वाहताना ऐकायला लावणं ही शिक्षा आहे.

दार बंद होतं, पण आवाज येत होता. वॉर्डातलं बोलणं थांबलं. आक्काने पदर तोंडाला लावला. शेजारच्या खाटेशी तीर्थपुरीकडचे एक काका बसले होते, सत्तरीचे, पांढरी टोपी. त्यांच्या बायकोलाही दाजींचाच आजार. ते अर्धं मिनिट कसेबसे बसले. मग उठले, आत गेले आणि नळ बंद करून आले.

"काका, पाच मिनिटं सांगितलं व्हतं," मी म्हणालो.

"सांगितलं व्हतं," ते बसत म्हणाले. "पण मी आहे का न्हाई इथं?"

मी जाऊन परत सोडला. या खेपेला खुद्द आक्का उठली. तिसऱ्यांदा सोडला तर जिन्यातून एक अनोळखी बाई आल्या, त्यांचा पेशंट दुसऱ्याच मजल्यावर होता. "कुणाचं लक्ष हाय का न्हाई," असं आम्हा सगळ्यांना म्हणाल्या, नळ बंद केला आणि आल्या तशा गेल्या. दाजी पडल्या पडल्या हे बघत होते. दाजी गावात ग्रामपंचायतीचे वॉलमन. टाकीचा वॉल फिरवून कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, हे तीस वर्षं त्यांच्या हातात होतं. सरपंच बदलत, दाजी बदलत नसत. गळका नळ दिसला की ते त्या घरात शिरून, चहा न घेता, चाकी आवळून येत.

"मेव्हणे," ते मला म्हणाले, "त्या बाईंना सांगा, जंतू मरू द्या, पण असं पाणी फेकलं तर माझाच जीव जाईल."

अशा वेळी मला कल्पना सुचतात. मी जाऊन वॉर्डाच्या मावशींकडून बादली आणली, नळाखाली ठेवली आणि नळ पूर्ण सोडला. पाच मिनिटं मोजून सोडला. पाटीवरचं अक्षर न् अक्षर पाळलं आणि एक थेंब वाया गेला नाही. बादली भरली की दुसरी, ती भरली की टब. बाहेर आलो तेव्हा काकांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला आणि परत घातली. तीर्थपुरीकडे याचा अर्थ काय होतो मला माहीत नाही, पण मी तो सन्मान समजलो.

"एवढं शिकलेले लोक हैत या दवाखान्यात," काका म्हणाले, "पण हे सुचलं कुणाला?"

दुसऱ्या दिवशी चार बादल्या झाल्या. तिसऱ्या दिवशी शेठ ड्रम घेऊन आले. शेठ म्हणजे तिसऱ्या खाटेवरच्या आजींचे चिरंजीव. मूळ राजस्थानचे, पण चार पिढ्या जालन्याच्या बाजारात. झाकणाचा, निळा, दोनशे लिटरचा ड्रम. बाथरूमच्या कोपऱ्यात असा बसला जणू इमारत त्याच्याभोवती बांधली. दुपारी बारानंतर वरच्या टाकीतलं पाणी संपायचं, टँकर यायचा तो संध्याकाळी. मधल्या वेळेत आमच्या वॉर्डात सुकाळ असायचा. खालच्या मजल्यावरचे लोक तांब्या घेऊन वर यायचे. मी झाकण उघडून द्यायचो. मावशी फरशी पुसायला त्यातलंच न्यायच्या. वॉर्डातल्या नर्सबाईंनीही ड्रम पाहिला. "बरं केलं भाऊ," म्हणाल्या. त्या मंठ्याच्या. त्यांच्याकडे नळ पंधरा दिवसांनी.

पिण्याचं पाणी अर्थातच वेगळं. ते आक्का माझ्या घरून उकळून, गाळून, स्टीलच्या कळशीत आणायची आणि दाजींच्या भांड्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. जंतू तोंडातून जातात हे आम्हाला शाळेपासून पाठ होतं. अंगाला पाणी लावल्याने कुणाला काय झालंय? तर दाजींचं अंग पुसायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी ते ड्रमच्या पाण्याने करत होतो. एप्रिलचं ऊन, वर पत्र्यासारखी तापलेली गच्ची, आणि ड्रममधलं पाणी छान गार.

चौथ्या दिवशी सकाळी पुसता पुसता मी त्यांना एक किस्सा सांगत होतो. परतूरच्या एका बैठकीत एका शेतकऱ्याने मला विचारलं होतं, की साहेब, तुमच्या पिशवीवरचा फोटो पेरला तर चालेल का, बियाण्यापेक्षा तोच दमदार दिसतो. किस्सा हातवारे करत सांगावा लागतो. हातात पिळलेला टॉवेल होता, पुरता पिळलेला नव्हता. दाजींच्या उजव्या छातीवर, गळ्याच्या हाडाखाली, नळीवर जी पांढरी पट्टी होती तिच्यावर आक्का रोज प्लास्टिकची पिशवी चिकटवून जायची. ती एका बाजूने सुटली होती. पाणी आत गेलं.

मी पाहिलं. पट्टीचा कोपरा करडा झाला होता. मी कोरड्या फडक्याने टिपला, वरून फुंकर घातली. दाजी म्हणाले, "काय झालं?" मी म्हणालो, "काही न्हाई. मंग तो शेतकरी काय म्हणाला माहितंय का?"

दुपारपर्यंत पट्टी वाळली. मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं, नळाचंच तर पाणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजींना थंडी वाजून आली. साधी थंडी नव्हे. खाट हलत होती, सलाईनचा दांडा हलत होता, आणि दात वाजत असताना दाजी म्हणाले, "आक्काला म्हणावं घाबरू नको, मोटार चालू झाली." बायकोला तेही माझ्यासारखं आक्काच म्हणत, घरात सगळेच म्हणत. ताप एकशे तीनच्या पुढे गेला. डॉक्टर पळत आले. रक्त काढलं, नवीन औषध चालू केलं आणि आम्हा दोघांना बाहेर घेऊन गेले.

"हे गंभीर आहे," ते म्हणाले. "यांच्या अंगात लढायला कुणी नाही, हे मी सांगितलं होतं. जंतू कुठून आला ते कळलं तर मला बरं पडेल. नळीच्या पट्टीला पाणी लागलं होतं का?"

"न्हाई," आक्का म्हणाली. "मी रोज पिशवी लावते. थेंब लागू देत न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. गेली पंचवीस वर्षं मी बोलून पोट भरतो. बोंडअळीवर मी दीड तास बोलू शकतो, तिच्या बाजूनेही. त्या क्षणी माझ्या तोंडातून शब्द आला नाही. डॉक्टरांनी ते 'नाही' धरलं आणि निघून गेले. आक्का माझ्या दंडाला धरून म्हणाली, "तू होतास म्हणून मी टिकले रे."

ती रात्र कशी गेली ते सांगत नाही. दाजींचा ताप उतरला नाही, एवढंच.

सकाळी सिस्टरांची फेरी होती. ताप आल्याचं कळल्यामुळे त्या आधी आमच्याच वॉर्डात आल्या आणि सरळ बाथरूममध्ये गेल्या.

"ये ड्रम किसका है?"

वॉर्ड नुसता खुलला. दाजी तापाने निपचित होते, पण बाकीच्यांना वाटलं, आता माझं नाव वरपर्यंत जाणार.

"यांची आयडिया," काका माझ्याकडे बोट करून म्हणाले. "पाच मिनिटं तर पाच मिनिटं, एक थेंब वाया न्हाई. आम्ही सगळे यांच्यावरच चाललोय."

"ड्रम आमच्याकडून," शेठ म्हणाले.

सिस्टर बाहेर आल्या. हातमोजा घातलेलं बोट त्यांनी ड्रमच्या आतल्या कडेवरून फिरवलं होतं. बोटावर पातळ, पारदर्शक, नाकातल्या शेंबडासारखं काहीतरी ओघळत होतं.

"पहिल्या पाच मिनिटाचं पाणी यात हाय?"

"रोजचं," काका अभिमानाने म्हणाले. "जमा करून राह्यलो."

"भाऊ," सिस्टर मला म्हणाल्या. आवाज मुळीच चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "मी काय सांगितलं व्हतं? पाईपातली घाण निघून जाऊ द्या. तुम्ही ती राखून ठेवली. चार दिवसाची. झाकण लावून. उन्हाळ्यात." मग सगळ्यांकडे वळून विचारलं, "याचं काय काय केलं?"

काकांनी कपडे धुतले होते. मावशींनी फरशी पुसली होती. खालच्या मजल्याने काय केलं ते कुणी सांगू शकेना. शेठ खाली बघत म्हणाले, की त्यांच्या आईने थेंबही घेतला नाही. आजींचं व्रत होतं. त्या फक्त पक्कं पाणी वापरायच्या, म्हणजे घरी गाळून, उकळून आणलेलं, पिण्यालाही आणि हात-तोंडाला, अंगालाही. गेले चार दिवस आम्ही सगळे मनातल्या मनात त्यांना हसत होतो. एवढा भरलेला ड्रम सोडून म्हातारी घरून पाण्याचे डबे मागवते म्हणून.

"अंग कुणी पुसलं याने?" सिस्टरांनी विचारलं.

वॉर्डातला प्रत्येक माणूस दुसरीकडे बघू लागला, आणि त्यामुळे सगळे माझ्याकडे बघत आहेत हे उघड झालं. आक्का तेवढी पिण्याचं पाणी उकळून आणायला घरी गेली होती.

मी सिस्टरांना जिन्यात घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. टॉवेल, किस्सा, पिशवीची सुटलेली बाजू, करडा कोपरा, फुंकर. फुंकर ऐकून त्यांनी डोळे मिटले.

"फुंकर पण मारली," त्या म्हणाल्या.

"हो."

"काल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बोलले असते तर कालच नळी काढली असती. एक दिवस गेला, भाऊ."

त्या फोनवर डॉक्टरांशी बोलल्या. अर्ध्या तासात दाजींच्या छातीतली नळी काढून टाकली, तिचं टोक तपासायला पाठवलं, औषध बदललं. दाजींना नर्सबाईंच्या टेबलासमोरच्या काचेच्या खोलीत हलवलं. ड्रमचं पाणी बाटलीत, नळाचं पाणी दुसऱ्या बाटलीत. निकालाला तीन दिवस, असं सांगितलं.

आणि सिस्टर म्हणाल्या, ड्रम आत्ता ओता.

कुणी उठेना. मी अतिशयोक्ती करतो असा माझा लौकिक आहे, पण इथे करत नाही. त्या पाण्यात काय आहे ते सगळ्यांनी बोटावर पाहिलं होतं. तरी दोनशे लिटर पाणी एका वेळी मोरीत ओतायला कुणाचा हात पुढे होईना. मावशी म्हणाल्या, माझी पाठ दुखते. काका म्हणाले, झाडाला तरी घालू. सिस्टर म्हणाल्या, झाडापर्यंत नेताना शिंतोडे उडतात, बिलकुल न्हाई, सरळ संडासात. शेठ म्हणाले, ड्रम नेतो मी, पण रिकामा झाल्यावर.

मीच ओतला, तांब्या-तांब्याने, हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून. पाऊण तास लागला. काका दारात उभे राहून बघत होते, मयताला आल्यासारखे. मधेच एकदा म्हणाले, "आमच्याकडं यावर एक वाफा मेथी निघाली असती."

तीन दिवस ताप वर-खाली होत राहिला. या तीन दिवसांचं माझ्याकडे एकही गमतीचं सांगण्यासारखं नाही, म्हणजे बघा. आक्का काचेबाहेर बसून राहायची. मी तिला खरं सांगायला रोज तोंड उघडायचो आणि रोज चहा विचारायचो. ती म्हणायची, "किती चहा पाजशील?" डॉक्टर सकाळी कागद बघायचे, "बघू" म्हणायचे आणि माझ्याशी नजर मिळवायचे नाहीत. काकांनी माझ्याशी बोलणं सोडलं नाही, पण "एवढं शिकलेले लोक" असं वाक्य त्यांनी पुन्हा काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी निकाल आला. दाजींच्या रक्तात, नळीच्या टोकाला, ड्रममध्ये आणि नळात एकच जंतू. सिस्टरांनी नाव सांगितलं. नाव असं, की एखाद्या परदेशी फुलझाडाला शोभावं. पाण्यात राहणारा, ओलाव्यावर जगणारा, सगळीकडे असणारा. धडधाकट माणसाला विचारतही नाही, म्हणाल्या.

दवाखान्याची मंडळी मग जागी झाली. वर दोन साहेब आले, पाटी वाचली, पाईपाला हात लावून बघितला. वॉर्ड उघडण्याआधी पाईप औषधाने धुवायला हवे होते, हे सिस्टरांनी लेखी दिलं होतं म्हणे. पाईप धुवायचे तर दोन दिवस पाणी बंद ठेवावं लागतं, पाटी लावायला पाच मिनिटं लागतात. म्हणून आधी पाटी लागली. आता पाईप धुतले गेले, नळांना गाळण्या बसल्या. सिस्टरांच्या पत्राला एका माणसाच्या रक्ताची जोड लागली.

तिसऱ्या खाटेवरच्या आजींना निकाल कळला तेव्हा त्या खाटेवर उठून बसल्या.

"कच्च्या पाण्यात जीव असतात," त्या सिस्टरांना म्हणाल्या. "हे आम्हाला सासूने सांगितलं. तुमच्या मशीनला तीन दिवस लागले."

"माँजी, तुमची सासू इथं नोकरीला हवी व्हती," सिस्टर म्हणाल्या. त्या वॉर्डात मी सिस्टरांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

त्याच संध्याकाळी, ऊन उतरताना, दाजींचा ताप शंभरावर आला. दुसऱ्या सकाळी नव्व्याण्णव. डॉक्टरांनी कागद बघून "बघू"च्या ऐवजी "हं" म्हटलं. शिपाई परत भरती होऊ लागलेत, म्हणाले, थोडे आहेत पण आहेत. मला आत जायची परवानगी मिळाली. मास्क, गाऊन, हात धुऊन. आक्का आधीच आत, स्टुलावर.

आता सांगायलाच हवं होतं. दोघं एकत्र होते, आणि मास्कमुळे माझं तोंड दिसत नव्हतं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून सगळं सांगितलं. या खेपेला हातवारे नाहीत. टॉवेलपासून डॉक्टरांसमोर गप्प राहिलो तिथपर्यंत.

आक्काने नुसती मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फिरवली. लहानपणी तिची पाटी मी फोडली होती तेव्हा असंच बघितलं होतं, आणि मग आठ दिवस बोलली नव्हती.

दाजी मात्र विचारात पडले होते. ओठ फुटलेले, गाल आत गेलेले, डोळे मोठे दिसत होते.

"म्हणजे सकाळचं पहिलं पाणी," ते अडखळत म्हणाले.

"हो."

"गावात पहिलं पाणी मी कधीच माणसाला देत न्हाई. आठ दिवस पाईपात सडलेलं असतं. ते गुरांच्या हौदात सोडतो, मंग गल्लीला." त्यांनी दम घेतला. "इथं गुरं न्हाईत, हे माझ्या ध्यानात आलं न्हाई."

"आम्ही होतो ना," मी म्हणालो.

"तेच म्हणतो." पुन्हा दम. मग त्यांच्या कपाळावर एक आठी आली, जी मी आजारपणात पहिल्यांदाच पाहिली. "मंग ते ड्रमातलं काय केलं?"

"ओतलं."

"कुठं?"

"संडासात."

"समदं?"

"दोनशे लिटर. तांब्या-तांब्याने. मीच ओतलं."

दाजींनी तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं थकले. पण मानेची शीर ताठ दिसत होती. मी म्हणालो, "दाजी, मला काय बोलायचं ते बोला. मी तुम्हाला मारायला निघालो व्हतो."

"ते जाऊ द्या," ते भिंतीकडे बघतच म्हणाले. "चूक व्हती माणसाकडून. पण दोनशे लिटर पाणी संडासात." आणि थोड्या वेळाने, अजून ताठ आवाजात, "तुम्ही बाहेर जा, मेव्हणे. मला तुमचं तोंड बघायचं न्हाई आज."

मी आक्काकडे पाहिलं. ती स्टुलावर बसून पदराने डोळे पुसत होती आणि तिचे खांदे हलत होते. आधी वाटलं रडते. "आठ दिवसांनी भांडले कुणाशी तरी," ती म्हणाली. तिचा आवाज हसण्याने फाटत होता. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जा ना बाहेर. सांगून राह्यले ना."

मी बाहेर आलो, गाऊन काढला, हात धुतले. नर्सबाईंच्या टेबलावर डॉक्टर लिहीत होते. त्यांनी विचारलं, "कसे आहेत?"

"फार चिडलेत," मी म्हणालो. "माझ्याशी बोलायला तयार नाहीत."

"छान," डॉक्टर म्हणाले आणि ते कागदावर लिहून घेतलं.

काचेतून दिसत होतं. दाजींनी हात पुढे केला होता आणि आक्का त्यांना चमच्याने वरण भरवत होती. पहिला घास त्यांनी थुंकला. मीठ नव्हतं, असं ओठांवरून वाटलं. दुसरा गिळला. तिसऱ्याला त्यांनी चमचा तिच्या हातातून काढून घेतला.